कडुनिंबावरचा पहिला घाव

गावाने तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या माळावर सरकारी शेतवसाहत उभी राहते आहे. "काम झपाट्यानं चाललंय," असं वसाहतीचे साहेब पाहणीला आलेल्या मला सांगत असतानाच समोर जेसीबीने आपले दात कडुनिंबाच्या मुळात रुतवले. हाड मोडावं तसा आवाज झाला. कावळे किंचाळत उठले.

तेवढ्यात सखूबाई कुऱ्हाड घेऊन धावत आली. तिचं गाव धरणात गेलं, म्हणून तिला इथे जमीन मिळाली आहे. तिने यंत्राच्या लोखंडी पंजावरच घाव घातला. ठिणगी उडाली.

ड्रायव्हर ओरडला, "मावशी, मरायचंय का? तुमच्याच घरासाठी जागा करतोय!"

"म्हणूनच सांगते, बंद कर! न विचारता मुळात हात घालू नये. आमच्या गावाला असाच घातला होता तुम्ही."

यंत्र थांबलं. तिने कनवटीचं हळदकुंकू बुंध्याला लावलं, मुळाशी तांदूळ टाकले आणि झाडाला म्हणाली, "बाबा, इथं मला चूल मांडायचीय. तुझी पाखरं घेऊन दुसरीकडं जा. राग धरू नको."

यंत्र थांबलं तेव्हा मला वाटलं होतं, झाड वाचलं. काय भाबडा मी! कुणाला तरी उपटल्याशिवाय माणसाला जागा कुठे मिळते? आम्ही फक्त त्याला प्रगती म्हणतो आणि तोंड फिरवतो.

सखूबाईने तोंड फिरवलं नाही. तिने पदर खोचला आणि पहिला घाव स्वतः घातला. दुसरा त्याहून जोरात. ती रडत होती आणि तोडत होती. एक ढलपा उडून माझ्या गालावर बसला.

तो ओला होता.