फ्रँकफर्टमार्गे

आईला नागपूरला आयसीयूत ठेवल्याचं कळलं तेव्हा मी नेपरव्हिलहून तडक शिकागोतली देशी दुकानांची डेव्हन ॲव्हेन्यू गाठली. तिथल्या ट्रॅव्हल एजंटला आम्ही सगळे काका म्हणायचो, आणि एकदा काका म्हटलं की उलटतपासणी करायची सोय उरत नाही. काकांनी चहा मागवला, आईची विचारपूस केली, जेवण व्हेज हवं का, खिडकी हवी का, तेही विचारलं. फ्रँकफर्टमार्गे तिकीट दिलं. पासपोर्ट मात्र उघडून पाहिला नाही.

तो विमानतळावर काउंटरवरच्या बाईने उघडला. माझ्या अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपला होता. नोकरीचं परवानगीपत्र नवं असलं की इथे राहायला पुरतं, म्हणून आम्ही इंजिनियर मंडळी त्या शिक्क्याकडे वर्षानुवर्षं ढुंकूनही पाहत नाही. पण तो संपला की भारतीय पासपोर्टवाल्याला फ्रँकफर्टला नुसतं विमान बदलायलाही जर्मन व्हिसा लागत होता. बाईने बॅग परत दिली.

काकांना फोन केला. "अरे, मला वाटलं तुला माहीत असेल. इतकी वर्षं इथे राहतोयस." दुसऱ्या मार्गाचं तिकीट चार दिवसांनंतरचं मिळालं.

पुढे रागाच्या भरात मी युरोपातला ग्राहक कायदा वाचून काढला. सहल विकणाऱ्याने पासपोर्ट-व्हिसाचे नियम आधी सांगायलाच हवेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण ते तिथल्या सहल कंपन्यांसाठी, आणि नियम सांगायचे ते तिथल्या नागरिकांचे. परक्याने आपलं आपण बघावं. शिकागोत तिकीट काढणारा मी तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हतो. भांडणार कुणाशी?

विमानतळावरूनच धाकट्या भावाला कळवलं. तो म्हणाला, "दादा, तू विमानात बसलास असं मी आईला सांगून टाकलंय. त्याच आशेवर आहे ती. आता काही बदलू नकोस." मी हो म्हणालो. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते.

दोन दिवस मी घरात बसून होतो. आई शुद्धीवर होती, थोडंफार बोलत होती. भाऊ फोनवर सांगायचा आणि "दे तिला" हे शब्द दरवेळी माझ्या ओठांवर यायचे. पण विमानातला माणूस फोन कसा करणार?

तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटी शेवटी विचारत होती, एवढा वेळ कसा लागतोय याला. भाऊ सांगत होता, उतरलाय, वाटेत आहे.