वरच्या हॉलचा रिपोर्ट

माझी शेवटची पोस्टिंग फौजेनं दिलेली नव्हती. ती तहसील कचेरीतून फोनवर आली, रिटायर होऊन सहा वर्षं झाल्यावर. दुसऱ्या लाटेचा एप्रिल होता. चाकूरच्या बाहेर एका रिकाम्या वसतिगृहात कोविड सेंटर उघडलं होतं आणि गेटला, नोंदीला, पाण्याला माणूस मिळत नव्हता. माजी सैनिकांपैकी कोणी येईल का, एवढंच विचारलं. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेसवर, बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलेला. हो म्हणालो. बायको चुलीपुढून म्हणाली, "इचारायचं तरी घरात." मी म्हणालो, "आता बोलून बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर झालो. खालच्या हॉलमध्ये बायका आणि वयस्कर माणसं. वरच्या हॉलमध्ये तेवीस पुरुष, सगळे पन्नाशीच्या आतले, बऱ्यापैकी धडधाकट. शिफ्टला एक नर्स. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत, मधल्या वेळी फोनवर. बोटाला लावून अंगातला ऑक्सिजन दाखवणारी मशीनं दोन होती. त्यातलं एक तिसऱ्या दिवशी बंद पडलं आणि दुसरं काही आलं नाही. अँब्युलन्स एकच. ती चालवायचा नायक महबूब शेख.

महबूब चाकूरचाच. घरचं बसस्टँडजवळ गाद्या भरायचं दुकान. फौजेत तो तीनटनी ट्रक चालवायचा. आमची युनिटं वेगळी, पण दोघांचेही दोन-दोन हिवाळे लेहच्या बाजूला गेलेले, त्यामुळे बोलायला विषय कमी पडत नसे. माझ्याहून आठ वर्षांनी लहान होता. मला 'साब' म्हणायचा, आणि माझ्या शिस्तीची टिंगलही तोच करायचा. पाण्याच्या बाटल्या मी एका रेषेत लावल्या की म्हणायचा, "साब, बाटल्यांना सावधान सांगितलं, आता विश्राम बी सांगा."

लोक विचारतात, तुम्ही फौजी, तुम्हाला कसली भीती. मी घाबरलेलो होतो. पोस्टवर गोळी कुठून येते ते अर्ध्या मिनिटात कळतं. इथं कशातून येतंय तेच कळत नव्हतं. आज मास्क एक, उद्या दोन. आज हे औषध चालतं, परवा म्हणे त्याचा उपयोग नाही. घरी मी गोठ्यात झोपायचो. बायको ताट दहा पावलांवर ठेवून मागं सरायची, आणि ती मागं सरताना पाहिलं की माझी भूक मरायची.

दहाव्या दिवशी महबूबला ताप आला. टेस्ट केली. रिपोर्ट घेऊन तो स्वतःच जिना चढून वर गेला आणि खिडकीजवळची कॉट घेतली. अँब्युलन्सवर रेणापूरकडचा एक ड्रायव्हर आला.

त्याच आठवड्यात वरच्या हॉलमधला एक जण स्ट्रेचरवरून खाली आणावा लागला. तो लातूरला पोचेपर्यंत गेला. बातमी आमच्याआधी मोबाइलवर वर पोचली. त्या दुपारी वर कोणी जेवलं नाही. दोघं मागच्या भिंतीवरून उड्या टाकून पळाले, त्यातला एक देगलूरपर्यंत पाहुण्यांकडं जाऊन त्यांनाही आजार देऊन आला. बाकीचे जिन्यात येऊन ओरडायला लागले की आम्हालाही सोडा. मी खालून ओरडलो, काही उपयोग झाला नाही. वरून महबूबचा आवाज आला. त्यानं सगळ्यांना कॉटवर बसवलं आणि हजेरी घेतली, नावानिशी. माणसं गप्प झाली. त्या दिवसापासून वरचा हॉल त्याच्याकडं.

लग्नसराई बुडाल्यामुळं मंडपवाल्याचे दोन वॉकी-टॉकी पडून होते. ते मी मागून आणले. एक गेटवर, एक महबूबकडं. मशीन एकच, तेव्हा नियम मी केला: खालच्या हॉलला दर दोन तासांनी मशीन, वरच्या हॉलला सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. मध्ये वरून फक्त रिपोर्ट. कोणाला त्रास असेल तर मशीन वर जाईल.

"गेट बोलतोय. वर रिपोर्ट? ओव्हर."

"वर सब ठीक. ओव्हर."

"आउट."

दिवसातून आठ वेळा हे बोलणं व्हायचं. मला त्याचा आधार वाटायचा. सिग्नलच्या माणसाला पलीकडून उत्तर आलं की सगळं ठीक वाटतं. ही सवय आहे, अक्कल नाही, हे मला फार उशिरा कळलं.

नवे पेशंट येत राहिले. वर पुन्हा तेवीस झाले, महबूब धरून. त्याचा सहावा दिवस होता. सकाळी आठला त्याचा आकडा त्र्याण्णव. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. दोन वाजून वीस मिनिटांनी लातूरहून फोन आला, ऑक्सिजनचा एक बेड रिकामा झालाय, अर्ध्या तासात पेशंट निघाला पाहिजे. डॉक्टर फोनवर म्हणाले, ज्याचा आकडा सगळ्यांत कमी तो पाठवा. शिफ्टच्या वर्षा सिस्टरनं खालच्या हॉलमधले आकडे मोजले. मुक्ताबाई म्हणून भाजी विकणारी बाई होती, तिचा शहाऐंशी. सिस्टर म्हणाली, "काका, वर बघायचं का?"

मी सेट उचलला. "गेट बोलतोय. लातूरला एक बेड आहे. वर कोणी? ओव्हर."

थोडा वेळ काही आलं नाही. मग आलं, "वर कोणी न्हाई, साब. ओव्हर."

"तुझं काय? ओव्हर."

"ठीक है, साब. ओव्हर."

मी सिस्टरला म्हणालो, वर ठीक आहे. जिना सोळा पायऱ्यांचा. मशीन टेबलावर माझ्या हाताशी पडलेलं होतं. वर पाठवायचं तर सिस्टरला पीपीई किट घालून जावं लागलं असतं, दहा मिनिटं गेली असती. दहा मिनिटं होती आमच्याकडं. मी पाठवलं नाही. अडीचला मुक्ताबाई निघाली.

पाचला सिस्टर मशीन घेऊन वर गेली. दोन मिनिटांत सेटवर तिचा आवाज आला, "काका, सिलिंडर. लवकर." महबूबचा आकडा एकाहत्तर होता. तो भिंतीला टेकून ताठ बसलेला, ओठ निळसर. सिलिंडर घेऊन मी वर गेलो, तर मला ओळखलं. तेव्हाही धड बोलत होता, हेच मला कळेना. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, या आजारात असं होतं, माणूस बोलतो-चालतो आणि आत सगळं संपत आलेलं असतं. खुर्चीवर बसवूनच त्याला खाली आणला, स्ट्रेचर त्यानं नको म्हटलं. अँब्युलन्स पाच चाळीसला परत आली. लातूरला बेड नव्हता. दवाखान्याच्या आवारात गाडीतच सिलिंडरवर दोन तास काढले, मग आत घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तो गेला. चाकूरच्या कब्रस्तानात किट घातलेली चौघं होती, त्यातला एक मी. त्याच्या बायकोला, शमीमभाभींना, फाटकाबाहेर थांबवलेलं. मी सॅल्यूट केला, पण त्या किटमध्ये तो कोणाला दिसला असेल असं वाटत नाही.

मुक्ताबाई वाचली. आठवडी बाजारात बसते. मला पाहिलं की कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबते. मी बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूनं जातो.

नव्या ड्रायव्हरनं ती गोष्ट सगळीकडं सांगितली, की महबूबभाईनं स्वतःचा बेड त्या बाईला दिला. लोकांना ती आवडली. भाषणांत आली, एका बॅनरवरही आली. मी खोटं काही बोललो नाही. मशीन टेबलावर होतं, एवढं मात्र कोणाला सांगितलं नाही. असं तीन वर्षं चाललं.

यंदा तालुक्याच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात शमीमभाभींना शाल द्यायचं ठरलं. त्यांनी निरोप पाठवला, येणार नाही. समजूत घालायला मला पाठवलं. दुपारी चारला गेलो. त्या दुकानातच शिलाई मशीनवर बसल्या होत्या, गादीची खोळ शिवत. स्टूल पुढं केलं.

मी म्हणालो, "भाभी, शालीचं राहू द्या. मला एक सांगायचंय." आणि सांगितलं. मशीन, टेबल, दहा मिनिटं.

त्यांनी खोळ खाली ठेवली.

"मला ठाऊक हाय ते कसे बोलले असतील," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बारा वाजता मला फोन केलते. दम पुरत न्हाई म्हणले. लई भ्यायले होते, भाईसाब. रडून राहिले होते फोनवर. म्या म्हणले, हवालदारसाबला सांगा. तर म्हणले, मला उचलून न्हेताना बघितलं तर वरची सगळी पळतील. पाचला मशीन येतंय, तवर धरतो म्हणले. तू बी कुणाला सांगू नको."



"तुमचा लंबर होता माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "त्यांनीच लिहून दिलता. बारापासून पाचपर्यंत म्या फोन हातात घेऊन बसले. लावला न्हाई."

बाहेर कोणीतरी उशीचं विचारायला आलं, त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. मग मला म्हणाल्या, "शाल नको. त्याग बिग केला, ते बी नको. भ्यायले होते तेवढं सांगा. मला एकटीलाच ठाऊक हाय ते."

मेळाव्याला त्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या. गेलेल्यांची नावं वाचायचं काम माझ्याकडं होतं. शेवटी मी वाचलं, नायक महबूब शेख. मग म्हणालो, तो घाबरलेला होता. त्याच्या हॉलमध्ये बावीस जण होते, त्यांना त्यानं ते कळू दिलं नाही, आणि ते बावीसही जण घरी गेले. मशीन माझ्या टेबलावर होतं, हेही सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेत भाभी उभ्या राहिल्या, मग बाकीचे उभे राहिले.