जुन्या स्टेन्सिलवरचं परिपत्रक

"कुलथे, अकराला अंबडची लाइट काढतोय. तुमची मंडळी तयारीत आहेत ना?"

वीज मंडळाच्या इंजिनिअरचा हा फोन आला तेव्हा दहा वीस झाले होते. काल माझ्या सहीनं गेलेल्या परिपत्रकात लाइट दुपारी दोनला जाणार असं छापलं होतं.

"दोनला ना, साहेब?"

"अहो, परवाच पत्र दिलंय. आमच्या कॉपीवर तुमच्या ऑफिसचा शिक्का आहे."

पत्र ट्रेमध्ये होतं. शिपायानं शिक्का मारून ठेवलेलं पाकीट मी फोडलंच नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. मी नाशिकच्या लघुउद्योजकांच्या एका संघटनेत पगारी सेक्रेटरी होतो. ऑफिस सातपूरला. परवाने, कोटा, टेलिफोनचे अर्ज, सगळीकडे सभासदांच्या वतीनं खेटे घालायचे हे माझं काम. त्या वर्षी विजेची टंचाई होती. आठवड्यातून एकदा चार तास लाइट जायची. मंडळ वेळ आम्हाला कळवायचं आणि आम्ही परिपत्रक काढून कारखान्यांत वाटायचो. परिपत्रक म्हणजे मेणकागदावर, स्टेन्सिलवर, टाइप करून सायक्लोस्टाइल मशीनवर काढलेल्या प्रती. तीन आठवडे वेळ एकच होती, दोन ते सहा. चौथ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. जुनंच स्टेन्सिल घेतलं, फक्त तारीख बदलली.

"साहेब, आजच्या दिवस अर्धा तास थांबवा."

"माझ्या हातात असतं तर थांबवलं असतं. आदेश वरून आहे." फोन बंद.

बहुतेकांची लेथ मशिनं थांबली असती, तेवढंच. पण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पगारेंची फाउंड्री होती, लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. भट्टी विजेवर चालणारी. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, त्यातून पंपानं सतत थंड पाणी फिरवतात. लाइट गेली की पंप बंद. आत लोखंडाचा रस, बाहेर तापत जाणारी नळी. ती तडकून पाणी रसाला लागलं, तर स्फोट होतो. असा स्फोट झालेली एक शेड मी पाहिली होती. पत्रे रस्त्यापलीकडे जाऊन पडले होते.

पगारेंकडे फोन नव्हता. टेलिफोनसाठीचा त्यांचा अर्ज माझ्याच फायलीत पडून होता.

स्कूटर काढली. किक तीनदा वाया गेली. वाटेत एकच विचार, परिपत्रक वाचलंच नसेल तर बरं. पण पगारे वाचणारच. सिन्नरकडच्या खेड्यातले, घरातले पहिलेच कारखानदार. त्यांना सभासद करताना मीच म्हणालो होतो, "संघटनेचा कागद आला की निर्धास्त राहायचं."

पोचलो तेव्हा अकराला बारा मिनिटं कमी होती. शेडमध्ये आठ माणसं, भट्टी लालभडक.

"पगारे, लाइट अकराला जातेय!"

"काय बोलता साहेब? कागदावर दोन हाय."

"कागद सोडा. भट्टी रिकामी करा."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. "अजून लोखंडाच्या ढेपा हायेत. पुरतं वितळायला वीस मिनिटं तरी पायजेत."

"वीस मिनिटं नाहीत."

ते माणसांकडे वळून ओरडले, "वता रे! जेवढं निघंल तेवढं वता! वाळू कोरडी हाय का बघा आधी!"

भट्टी कलती झाली. रस वाळूच्या खड्ड्यात पडू लागला. अर्धाअधिक निघाला असेल, तोच पंखे मंदावले आणि पंपाचा आवाज थांबला.

नळीसाठी वर एक टाकी होती, पण उन्हाळ्यामुळे अर्धीच भरलेली. "हौदावरून बादल्या घ्या!" पगारे म्हणाले. शिडीवर माणसं उभी राहिली, हातोहात बादल्या वर जाऊ लागल्या. मीही रांगेत होतो. समोर भट्टीच्या तोंडाशी दोघं जण हातचाक फिरवून, भट्टी कलती करत उरलेला रस काढत होते. त्यांच्या पायांत साध्या चपला होत्या. माझी नजर त्या चपलांवरून हलेना. यांना काही झालं तर यांच्या घरी जाऊन सांगायचं कोणी?

भट्टी काळी पडायला तासाच्या वर लागला. कोणालाही इजा झाली नाही. तळाशी मात्र लोखंडाचा गोळा थिजला, आतलं अस्तर फुटलं. फाउंड्री पंधरा दिवस बंद.

पगारे पायरीवर बसले. "मंडळानं आयत्या वेळी टाइम बदलला, व्हय ना साहेब?"

मी "हो" म्हणालो. आधी स्फोटाची भीती होती, आता नोकरीची.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष भडकलेले. "मंडळाचा निषेध करा! कुलथे, ठराव लिहून घ्या." पगारेंनाही बोलावलं होतं, ते समोरच बसले होते. मी दोन ओळी लिहिल्या. तिसरीला पेन थांबलं. उभा राहिलो आणि मंडळाचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"मंडळानं कळवलं होतं. मी वाचलं नाही."

पगारेंनी पाकीट उचललं, त्यावरचा आमचा शिक्का पाहिला, पत्र वाचलं, घडी घालून परत ठेवलं.

"म्हंजे काल तुम्ही खोटं बोलला."

"हो."

अध्यक्ष मला काढायलाच निघाले होते. पगारे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ते आले नसते तर माझी आठ माणसं ऱ्हायली नसती." नोकरी टिकली.

निम्मे सभासद आमची परिपत्रकं वाचतच नसत. ते मंडळाच्या सबस्टेशनला परस्पर विचारून घेत, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यानं आमच्यावर विश्वास ठेवला, त्याचीच भट्टी बसली. लोकांनी संघटनेवर विश्वास ठेवावा म्हणून धडपडणाऱ्यानं हे आधी लक्षात घ्यावं.

पगारे शेवटपर्यंत सभासद राहिले. नंतर प्रत्येक परिपत्रक मी स्वतः अंबडला नेऊन द्यायचो. ते हसून घ्यायचे, चहा पाजायचे. मग माझ्यादेखतच सायकल काढून सबस्टेशनला विचारायला जायचे.