वरच्या कॅमेऱ्यातला माणूस

मंडळी, आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या धंद्यात वायर जोडल्याशिवाय साधा दिवा लागत नाही, बाकीचं कोण कुठून येणार! नाव नईम, राहणार चंद्रपूर. ऑफिसांमधले कॅमेरे, कार्डावर उघडणारी दारं, फायर अलार्म, भोंगे... हे सगळं एकमेकांशी जोडून एका स्क्रीनवर आणायचं. लो-व्होल्टेजचं काम म्हणतात याला. चौदा वर्षं तेच करतोय.

आणि दुसरी गोष्टही आधीच सांगतो, कारण ती लपवली तर पुढचं कळणार नाही — मी प्रफुल्लवर जळत होतो.

प्रफुल्ल कोरपन्याकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरचा. वायर सोलायला त्याला मीच शिकवलं. पण गडी गोड बोलायचा, लॅपटॉप भराभर चालवायचा. दोन वर्षांत तो साइट इन्चार्ज झाला आणि मी त्याच्या हाताखाली! वर हा मलाच म्हणायचा, "नईमभाऊ, तुमी बसा ना, मी करतो." उद्धट असता तर बरं झालं असतं, निदान मोकळेपणानं शिव्या तरी देता आल्या असत्या. घरी बायको म्हणायची, "त्या प्रफुल्लचं नाव काढलं का तुमाले जेवण गोड लागत नाई." खरंच होतं ते.

मागच्या उन्हाळ्यात ऊर्जानगरच्या रस्त्याला एका कंपनीचं नवं ऑफिस आमच्याकडे होतं. तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम. तिचं दार विजेच्या चुंबकानं घट्ट धरलेलं असतं. अलार्म वाजला की चुंबकाची वीज तुटून दार सुटलं पाहिजे, नाहीतर आतला माणूस आतच. काम सोपवायच्या आदल्या दिवशी मी सहज त्या दाराची पेटी उघडली, तर प्रफुल्लनं अलार्मची वायर शेजारच्या, चुकीच्या टोकात बसवलेली! म्हणजे अलार्म वाजला तरी दार सुटणार नव्हतं. घाईत कोणाच्याही हातून होते अशी चूक. स्क्रू सैल करून वायर सरकवायची, अर्ध्या मिनिटाचं काम.

मी पेटी लावली आणि चहा प्यायला गेलो.

आमच्यात एक रिवाज आहे — ज्यानं दार जोडलं, टेस्टिंगला त्यानंच आत उभं राहायचं. आपल्या कामावर आपला भरवसा आहे हे दाखवायला. मला वाटलं, होऊ दे फजिती. साहेबांसमोर आतून दार ठोकत बसेल, जिरेल थोडी. एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या पुढे तळमजल्यावरच्या यंत्रांच्या रॅकला हळदकुंकू लावून नारळ फोडला. प्रफुल्ल वर जाऊन आत उभा राहिला, दार लागलं. आतून उघडायचं बटण अजून आलंच नव्हतं. बाहेरच्या रीडरवर फक्त दोन कार्डं चालत, एक त्याचं आणि एक माझं. कंपनीचे साहेब आणि मी तळमजल्यावर स्क्रीनसमोर, बाकी वर कोणीच नाही. त्या खोलीत आग विझवणाऱ्या गॅसचे सिलिंडर होते. टेस्टच्या आधी त्यांना पिन लावतात, म्हणजे गॅस सुटत नाही. गॅसवाल्यांनी फोनवर 'लावली' म्हणून सांगितलं होतं.

साहेबांनी अलार्म दाबला. भोंगे वाजले, खालची दारं सुटली, साहेब खूश. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ओळ आली — गॅस सुटायला तीस सेकंद... पिन लावलेलीच नव्हती!

तो गॅस भरला की बंद खोलीत माणूस टिकत नाही. दार सुटणार नाही, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. गॅस थांबवायचं बटण माझ्यापासून हातभर लांब होतं. आणि मी नुसता उभा राहिलो. घाबरलो होतो असं म्हणता येईल, पण खोटं कशाला बोलू... डोक्यात एक घाणेरडा विचार आला होता, 'बघू आता, कसला इन्चार्ज आहे ते.'

मग एकदम अंगावर काटा आला. बटण दाबायचंही सुचलं नाही, तसाच जिन्याकडे पळालो.

वर पोचलो तेव्हा गॅसचा फुसफुसाट सुरू झाला होता. दार सताड उघडं. प्रफुल्ल बाहेर भिंतीला टेकून बसलेला, कॉलर फाटलेली.

"भाऊ, आता तं खाली गेले होते तुमी, लगेच वापस आले?"

"मी? मी आत्ता येतोय वर."

"मजाक नका करू, भाऊ. तुमीच तं कॉलर धरून ओढलं मले बाहेर! एक शब्द बोलले नाई, तसेच जिन्याकडं गेले. असे काऊन पाहून राह्यले?"

जिन्यात मला कोणीही भेटलं नव्हतं.

साहेबांना वाटलं, मी सॉफ्टवेअरमधून दार उघडलं. त्यांनी पाठ थोपटली. दुपारी मी एकट्यानं नोंदी उघडल्या. सॉफ्टवेअरमधून उघडलं असतं तर तसं आलं असतं. तिथं आलं होतं, 'बाहेरचा रीडर, कार्ड — नईम'. कार्ड तर सकाळपासून माझ्या खिशात! मग वरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. पाठमोरा माणूस, माझा चौकड्यांचा शर्ट, माझीच चाल. कार्ड टेकवतो, दार उघडतो, प्रफुल्लला खेचतो. कुठेही घुटमळत नाही. तोच सेकंद तळमजल्याच्या कॅमेऱ्यात पाहिला. तिथंही मीच, हाताची घडी घालून लाल ओळीकडे बघत उभा. घड्याळ चुकलं म्हणावं, तर सगळ्या यंत्रणा एकाच घड्याळावर मी स्वतः बांधल्या होत्या.

वायर मी त्याच दुपारी सरकवली. प्रफुल्लला अजून सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंग काढून ठेवता आलं असतं, पण वरचं दाखवायचं तर खालचंही दाखवावं लागलं असतं. महिन्याभरात ते आपोआप पुसलं गेलं. भास म्हणावं, तर भासानं कॉलर फाटते का?

पुढं प्रफुल्लच्या आईनं मला गावी जेवायला बोलावलं. ती बाई माझे दोन्ही हात धरून रडली. "भाऊ, तुमच्यानं माहा पोरगा वाचला." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

प्रफुल्लवर मी आता जळत नाही. जळतो तो त्या वरच्या माणसावर. शर्ट माझा, कार्ड माझं, नोंदीत नावही माझंच, आणि त्यानं एका सेकंदाचाही विचार केला नाही. तो कोण होता, मला आजही सांगता येत नाही. पण त्या बाईनं ज्याचे हात धरायला हवे होते, तो मी नव्हतो.