पुस्तकात कुठे आहे?

पार्सल ऑफिसात माणूस चार वर्षं बसला की किस्से आपोआप साठतात. पार्सलं निदान कोणीतरी सोडवून नेतं, किस्से मात्र तिथेच पडून राहतात! साठ-सत्तरच्या दशकांत मी लोणावळा स्टेशनवर पार्सल क्लार्क होतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठले ते दोघांचे. सिग्नलचे खटके ओढणारा केबिनमन योहान गायकवाड, नगरकडचा, प्रोटेस्टंट. आणि गार्ड पास्कल फर्नांडिस, गोव्याचा, कॅथलिक. दोघं जिवलग. चहा रोज एकत्र, आणि भांडणही रोज एकच. धर्मात शेवटचा शब्द कोणाचा, बायबलचा की चर्चचा?

*

गाडी घाटात उतरायच्या आधी फर्नांडिस गळ्यातल्या मेरीमातेच्या पदकाला हात लावायचा. गायकवाड केबिनच्या खिडकीतून ओरडायचा, "पास्कल, हे पुस्तकात कुठे आहे?"

"तू शोधून ठेव," फर्नांडिस खालून म्हणायचा, "तोवर मी ब्रेक तपासतो!"

*

एकदा फर्नांडिसने माझ्या टेबलावरचं रूलबुकच उचललं. "हे कोणी लिहिलं?"

"रेल्वेने," गायकवाड म्हणाला.

"म्हणजे आधी रेल्वे, मग रूलबुक. तसंच आधी चर्च, मग बायबल!"

मी टेबलावर थाप मारली. गायकवाडने शांतपणे चहा संपवला. "आणि अपघात झाला की चौकशीत काय उघडतात? रूलबुकच ना? तेव्हा मोठ्या साहेबालासुद्धा पुस्तकाप्रमाणेच जबाब द्यावा लागतो!"

मी म्हणालो, दोघांचंही बरोबर आहे. त्यावर दोघं मिळून माझ्यावर उखडले.

*

आमचा पाणक्या धोंडूभाऊ पवना खोऱ्यातला. त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. एकदा फर्नांडिसने त्यालाच पंच केलं. "भाऊ, तुम्हीच सांगा. लिहिलेलं खरं, की माणसं सांगत आली ते खरं?"

धोंडूभाऊने कळशी खाली ठेवली. "आमचं गाव कागदात हाय अजून. तितं जाऊन बगा, पाणी हाय. आन् आमी माणसं सांगतोय हितं गाव व्हतं, तर त्ये बी कुनी ऐकत न्हाई."

फर्नांडिसने त्याच्यासाठीही चहा मागवला.

*

मग गायकवाडची बायको, मार्थाबाई, आजारी पडली. महिने गेले, उतार पडेना. गायकवाड तिच्या उशाशी बसून रोज प्रार्थना करायचा. फर्नांडिस चर्चमध्ये मेरीमातेपुढे तिच्या नावाने मेणबत्ती लावून यायचा. गायकवाडला ते कळलं आणि तो चिडला. "मध्यस्थ कशाला? देवाकडे थेट मागता येतं."

मार्थाबाई अंथरुणातून म्हणाली, "लावू द्या हो त्यांना. औषधं दोन डॉक्टरांची चालू आहेत, मग प्रार्थना एकाचीच कशाला?"

गायकवाडने तिला औषध पाजलं. मला वाटतं, बायकोपुढे हरण्याची त्याला सवय होती.

*

मार्थाबाई गेली. त्यानंतर गायकवाड महिनाभर चहाला आला नाही. आला तो एका सकाळी, ड्यूटी संपवून, आणि थेट फर्नांडिससमोर बसला.

"पास्कल, तीन महिने रोज तिच्यासाठी मागत होतो. अजून रोज तोंडात येतं, आणि मी गिळतो. मेलेल्या माणसासाठी मागायची सोय माझ्या पुस्तकात नाही. तुमच्यात आहे. तू मागशील?"

इतक्या वर्षांचा वाद जिंकायची एवढी सोपी वेळ फर्नांडिसला कधी आली नव्हती. तो म्हणाला, "रोज मागतोय. तुला बोललो नाही. तू विचारलं असतंस, पुस्तकात कुठे आहे."

"आज माझ्यासमोर माग."

फर्नांडिसने टोपी काढली. दोघांनी डोळे मिटले. मीही कारण नसताना उभा राहिलो.

"हे प्रभू," फर्नांडिस हळू आवाजात म्हणाला, "तुझी लेक मार्था, तिच्या आत्म्याला..."

"थांब," गायकवाड डोळे न उघडता म्हणाला. "नुसतं मार्था नको. पूर्ण नाव घे. तिकडे मार्था पुष्कळ असतील."