दादाच्या मजल्याच्या सळ्या

माझे वडील पुलांचे इंजिनिअर होते. अंत्यविधीला आलेला जो तो एकच बोलत होता, "नाकासमोर चालणारा माणूस. नोकरी, घर आणि मुलं, चौथं काही ठाऊक नाही." खरंच आहे. मुलं म्हणजे नेमकी किती, एवढंच मला विचारायचं होतं. पण अशा वेळी तोंड आवरावं लागतं.

कोणाकडेही गेलं की बाबा आधी छताकडे बघायचे आणि मग यजमानाकडे. भिंतीवर किल्लीने टकटक करायचे. आई कानकोंडी व्हायची. आमच्या वह्यांना कव्हरं घालायचे तीही पट्टी लावून. सकाळचा चहा तेच करायचे आणि आईचा कप आधी भरायचे. वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. रागवायला सोपं गेलं असतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जातीने उभं राहून घर बांधलं. खोल्या तीन, आणि कॉलम असे की वर पूल बसावा. खोलीत कपाट मावेना. आई म्हणाली, "हे हत्तीचे पाय कशाला?" तर म्हणाले, "वर मजला चढवायचाय. मुलाचा." दादा तेव्हा नुकताच परदेशी नोकरीला गेला होता. गच्चीवर प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर बाबांनी कमरेइतक्या सळ्या बाहेर ठेवल्या. उघड्या सळ्या गंजतात, म्हणून दरवर्षी सिमेंट पाण्यात कालवून त्यांना लेप द्यायचे.

माझा नवरा गेला तेव्हा दोन मुलं घेऊन मी जवळच्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायला आले. एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, वर दोन खोल्या काढू का? खर्च माझा."

ते माझ्यासाठी संत्रं सोलत होते. फोडीवरची शीर काढत म्हणाले, "ती जागा दादाची आहे, बाळा. कॉलम एकाच मजल्याचं वजन घेतील. तुझं त्यात धरलेलं नाही."

मी संत्रं खाल्लं. काय करणार?

माझी मुलं त्या एका खोलीत शेगडीशेजारी अभ्यास करून वाढली. बाबा रोज संध्याकाळी येऊन त्यांना गणित शिकवायचे. जाताना भिंतीला हात लावून म्हणायचे, "इथे ओल येतेय. पोरांना बाधेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. यथावकाश पोरंही नोकऱ्या शोधत निघून गेली.

मग बाबांचे गुडघे गेले आणि लेपाचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गच्चीवर उन्हात सिमेंट फासायची, ते खाली अंगणात खुर्ची टाकून ओरडायचे, "बुडापर्यंत लावलंस ना? दादा आला की लगेच काम सुरू करायचंय." सिमेंटने माझ्या बोटांना भेगा पडल्या. त्यांना मलम बाबाच लावून द्यायचे.

ते गेल्यावर दादा आला. अंत्यविधी आटोपल्यावर आम्ही दोघं गच्चीवर गेलो. सळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "कमाल आहे. इतकी वर्षं झाली, जराही गंज नाही."

"मी लेप लावते," मी म्हटलं. "तुझ्या मजल्यासाठी."

त्याने सळीवरचा हात काढला. "माझा कसला मजला? मी परत येणार नाही हे बाबांना कधीच सांगितलं होतं. तुझा नवरा गेला त्याच वर्षी. म्हटलं, वरची जागा तिला द्या. मला वाटलं, तुलाच नकोय."

मी खाली आले. आई पलंगावर बसून बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"आई, दादा येणार नाही हे तुला माहीत होतं?"

"होतं. मी काय कमी सांगितलं त्यांना? पालथ्या घड्यावर पाणी. म्हणायचे, तो बोलतो तसं, पण येईल."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

आईने हातातल्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस. मग आमचं कोणी केलं असतं?"

वरून दादाची हाक आली. सळ्या कापायला माणूस कुठे मिळेल, विचारत होता.