भाऊजींची किल्ली

वहिनी हेच तिचं नाव आहे असं दूरदेशीच्या प्रोग्रामर मंडळींना वाटायचं. धाकटे दीर, म्हणजे तिचे भाऊजी, चारचौघांत तिला वहिनी म्हणायचे, तेच त्यांनी उचललं आणि तिनेही कधी सुधारलं नाही.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. उरलेला वेळ भाऊजींच्या सॉफ्टवेअरचा. फोन आला की कुठली अँब्युलन्स कुठल्या पत्त्यावर धाडायची, हे ते सॉफ्टवेअर ठरवायचं. ते सगळ्यांना खुलं होतं. कोणीही फुकट घ्यावं, वाचावं, त्यात सुधारणा सुचवावी. पण सुधारणा बाहेर पडायची ती भाऊजींच्या डिजिटल सहीनेच. त्या सहीची किल्ली एकट्या त्यांच्याकडे आणि पासवर्ड त्यांच्या डोक्यात. "घरात कर्ता एकच हवा," ते म्हणायचे. गाडा सुरळीत चालला होता, म्हणून कोणी हूं की चूं केलं नाही.

मग भाऊजी जिन्यावरून पडले. डोक्याला मार लागला, शुद्ध गेली.

ते अतिदक्षता विभागात असतानाच वहिनीला कंट्रोल रूममधल्या एका बाईंचा फोन आला. "वहिनी, दोन कॉल एकाच वेळी आले आणि पत्त्यांची अदलाबदल झाली. आजोबांना शेजाऱ्यांनी गाडीत घालून नेलं म्हणून वाचले. पुन्हा झालं तर?"

वहिनीने चूक शोधली, दुरुस्तीही केली. पण भाऊजींच्या सहीशिवाय कुठल्याच कंट्रोल रूमचं मशीन ती दुरुस्ती घेईना. सॉफ्टवेअर खुलं असल्याने कोण कोण ते वापरतं याचा हिशोब कोणाकडेच नव्हता. ओळखीच्या सगळ्यांना तिने कळवलं, पत्ता दोनदा विचारा म्हणून विनवलं. बिनओळखीच्यांचं काय? दुकानासमोरून सायरन वाजत गेला की तिच्या हातातलं भिंग निसटायचं. ही गाडी बरोबर दारी चालली आहे ना?

"भाऊजींना हलवून उठवावंसं वाटतं हो," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि असं वाटतं म्हणून स्वतःचीच भीती वाटते."

इकडे वारस ठरवायची घाई सुरू झाली. नकाशे विकणाऱ्या एका कंपनीचा साहेब गोड बोलला, "आमच्याकडे सोपवा, ताबडतोब नवी यंत्रणा उभी करतो." पण पुढे काय घ्यायचं, काय गाळायचं, हे कंपनीच ठरवणार होती. उद्या त्यांनी दार लावलं की सगळे बाहेर. उलट, मदत करणाऱ्या मंडळींना प्रत्येक गोष्टीवर मतदान हवं होतं. ती मंडळी मतदान कसं घ्यायचं यावरच भांडत बसली. शुद्ध बारभाई कारभार, आणि चूक तिकडे जिथल्या तिथे. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी वहिनीने सॉफ्टवेअरची वेगळी प्रत काढली, तिला नवं नाव दिलं. किल्ल्या तिघांकडे: ती स्वतः, कंट्रोल रूमच्या बाई आणि दाढीवाला म्हणून ओळखला जाणारा परदेशातला एक जुना मदतनीस. कुठल्याही दोघांच्या सह्या झाल्या तरच बदल बाहेर पडणार. एक पडला तरी काम अडणार नाही आणि एकट्याची मनमानीही चालणार नाही. तिघांना बदलायचा अधिकार मात्र सगळ्या मंडळींचा.

"तुझ्या भाऊजींचं घर फोडतेस," नवरा हळूच म्हणाला.

"माहीत आहे." तरी तिने सही केली. दुसरी बाईंनी केली. मग एकेका कंट्रोल रूमला गळ घालून नवी प्रत बसवायला लावली. काहींनी ऐकलं, काहींनी फोनच उचलला नाही.

भाऊजी शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. वहिनीची मात्र पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी बोलायची मुभा दिल्यावर ती खाटेशी बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"तिघांत मी आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊजी. सगळ्यांनी निवडलं तर याल."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "ते आजोबा वाचले ना?"

"वाचले."

घरी आल्यावर कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. मग एका दुपारी नव्या प्रतीसाठी त्यांची एक छोटी सुधारणा आली, इतर कोणाचीही यावी तशी. वहिनीने ती ओळ न् ओळ तपासली. त्यात एक चूक निघाली.

तिने लिहिलं, "भाऊजी, हे पुन्हा करून पाठवा." आणि पाठवायचं बटण दाबून उत्तराची वाट बघत बसली.

उत्तर आलं, "पाठवतो, वहिनी."

तिने सुस्कारा सोडला. बाहेर सायरन वाजला, तशी ती पुन्हा दचकली.